मंदारच्या गॅरेजची बोटभर फट

पसारा कसा साठतो ते बघायचं असेल तर आमच्या ऑकलंडच्या फ्लॅट बुशमधलं कुठलंही गॅरेज उघडा. आधी एक खोका येतो, 'नंतर टाकू' म्हणून. मग त्याच्यावर दुसरा. वर्षभरात गॅरेज गच्च आणि गाडी कायमची बाहेर! आमच्या ग्रुपमध्ये एकाही घरात गाडी गॅरेजमध्ये राहत नाही. केतकरांच्या गॅरेजात ट्रेडमिल आहे, त्याच्यावर कपडे वाळतात. आमच्या गॅरेजात नितीनने, म्हणजे आमच्या यजमानांनी, तबल्याचा क्लास काढायचा म्हणून गालिचा अंथरलाय. विद्यार्थी अजून यायचे आहेत.

आणि गाड्या? त्या ड्राइव्हवेवर काकडत उभ्या. हिवाळ्यात रोज सकाळी चांगले शिकलेसवरलेले इंजिनिअर पायजम्यावर बाहेर येऊन काचेवरचं हिम जुन्या कार्डाने खरवडत असतात. चार पावलांवर स्वतःचं डबल गॅरेज असताना!

पण मंदारच्या गॅरेजची सर कुणालाच नाही. मंदार नितीनचा कॉलेजपासूनचा मित्र. त्याने घर घेतलं तेव्हा किचन बघून आम्हा बायकांचे डोळे दिपले. दगडी बेंचटॉप, काचेची शेगडी, आत दिवे लागणारी कपाटं. त्या किचनमध्ये काय शिजतं? टोस्ट! फोडणी, तळण, मासे हे सगळं पलीकडे गॅरेजमध्ये. तिथे एक सिंक, गॅसची शेगडी आणि सिलिंडर, भिंतीला टेबल.

"ओपन प्लॅन आहे ना वहिनी," मंदारने मला समजावलं, "कार्पेटमध्ये वास बसतो. रीसेलला मार खातं घर."

घर घेऊन तेव्हा दोन महिने झाले नव्हते आणि ह्याला विकायची काळजी. बरं, तुम्ही लगेच त्याच्या बायकोवर घसराल, तर तसं नाही. मृणाल हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, ड्युटीवरून येऊन तीच बिचारी जॅकेट घालून गॅरेजात पोळ्या लाटायची. नियम मंदारचा.

* * *

जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, मंदारच्या आई रत्नागिरीहून आल्या. आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो. सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या, आवाज अजून वॉर्डातलाच. नात अन्वीला मराठी बोलतं करायचं आणि मगच परत जायचं, असं ठरवून आल्या होत्या. अन्वीला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

पहिल्याच दिवशी मंदारने मोठ्या थाटात गॅरेज दाखवलं. "आई, हे तुझं राज्य! रत्नागिरीच्या आपल्या स्वयंपाकघराच्या तिप्पट आहे."

माईंनी खाली बघितलं. तिथली लादी बाहेरच्या बाजूला उतरती, त्यामुळे दार बंद केलं तरी खाली बोटभर फट राहायची. तिच्यातून असा वारा आत यायचा की शेगडीची ज्योत आडवी व्हायची. समोर राहणाऱ्या ग्रॅहमचं मांजर फटीला नाक लावून बाहेर बसलेलं होतं.

"तिप्पट आहे खरं," माई म्हणाल्या. "पण रत्नागिरीला आम्ही मांजर बाहेर आणि माणसं आत ठेवतो हो. इथे मधेच काहीतरी आहे."

आठवड्याभरात माईंचा अवतार बघण्यासारखा झाला. नऊवारीवर मंदारचं फुगीर पफर जॅकेट, डोक्यावर बीनी म्हणजे लोकरीची टोपी, पायात दोन-दोन मोजे. तव्यावरून उतरलेली पोळी ताटात पडेपर्यंत गार. विरजण लागेना. आणि मग खोकला सुरू झाला.

मी फार्मसिस्ट, त्यामुळे मला फोन आला. मी औषध घेऊन गेले. माईंनी बाटली उलटीसुलटी करून वाचली आणि मला म्हणाल्या, "काय गो, हे त्या दाराखालच्या फटीला किती वेळा द्यायचं?"

मग बाटली टेबलावर ठेवून म्हणाल्या, "असंच चाललं तर मी तिकीट अलीकडचं करून घेते. पोरीशी बोलायला आले, पण ती आत आणि मी इथे. ती इथे आली तर तिलाही सर्दी."

मला फार वाईट वाटलं. तुम्ही म्हणाल, मग आतल्या किचनमध्ये का नाही? हे आम्ही सगळ्यांनी विचारलं. आपापल्या घरी, परत जाताना गाडीत, तावातावाने विचारलं. मंदारला तोंडावर एकानेही विचारलं नाही. त्याच्या घरची हीट पंपची ऊब आणि माईंच्या हातचे मासे, दोन्ही आम्हाला हवं होतं ना!

* * *

माई परत जाणार म्हटल्यावर मंदार हादरला. पण हादरला तो इंजिनिअरसारखा. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, 'मिशन फट'. मेंबर तीन: मंदार, नितीन आणि केतकर.

केतकरांची ओळख करून द्यायला हवी. हे स्ट्रक्चरल इंजिनिअर, भूकंपानंतर काही वर्षं ख्राइस्टचर्चला होते. तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य "आमच्या ख्राइस्टचर्चला" असं सुरू होतं. तिथली थंडी ती थंडी, तिथला वारा तो वारा! आमच्या ऑकलंडच्या वाऱ्याला ते झुळूकसुद्धा म्हणायला तयार नाहीत.

केतकर म्हणाले, "आमच्या ख्राइस्टचर्चला आधी स्मोक टेस्ट करतात. धूर जिकडे हलेल तिकडे लीक."

धूर कुठून आणायचा? देवघरातून! शनिवारी तिघेही एकेक पेटलेली उदबत्ती घेऊन गॅरेजच्या दाराभोवती हळूहळू फिरायला लागले. नितीन खाली वाकलेला, मंदार शिडीवर, केतकर कोपऱ्यात डोळे बारीक करून धूर न्याहाळतायत. कुणी बोलत नाही.

माई पिठाचा डबा घेऊन आत आल्या. हे दृश्य बघून दारातच थांबल्या. आवाज एकदम खाली आला.

"कोण गेलं रे?"

* * *

मग दुसऱ्या शनिवारी खरेदी. तिघांनी तीनदा माप घेतलं आणि तीन आकडे आले. शेवटी सगळ्यात जाड रबरी पट्टी आणली, कारण केतकर म्हणाले, जाड ते कधीही चांगलं. दुपारभर खपून पट्टी दाराच्या खालच्या कडेला ठोकली. आम्हाला बघायला बोलावलं. मंदारने रिमोट दाबला.

दार खाली आलं, पट्टी जमिनीला टेकली आणि दार आपलं पुन्हा वर गेलं!

पुन्हा दाबलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. ह्या दारांना म्हणे अक्कल असते. खाली काही अडकलं की कुणाचा पाय असेल असं समजून ती परत वर जातात. दाराला पायाची काळजी, बघा! पट्टी निघेना, कारण केतकरांनी ती ख्राइस्टचर्च पद्धतीने चिकटवून वर खिळेही मारले होते. दुकान तोवर बंद. म्हणजे आधी बोटभर फट होती, आता सात फुटांची झाली.

त्या संध्याकाळी माईंनी पूर्ण उघड्या दारात, रस्त्याकडे तोंड करून, रविवारसाठी मसाला भाजला. ग्रॅहम मांजर शोधत आला. पायात जँडल्स म्हणजे रबरी सपाता, अंगात हाफ पँट, ह्या माणसाला थंडी ठाऊकच नाही.

"किया ओरा! बार्बेक्यू, ए?" त्याने इथल्या माओरी पद्धतीने रामराम केला.

माईंनी सांडशी हलवून "किया ओरा" म्हटलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ह्याची पण आई आलीय का गो गॅरेजात?"

* * *

पुढच्या शनिवारी मात्र पट्टी बदलली, बारीक आणली. दाराच्या बाजूंना ब्रशच्या पट्ट्या, पत्र्याला आतून थर्माकोल, आणि उरलेल्या फटींत तो फुगणारा फोम. फोमचा डबा नितीनच्या हातात आला आणि तो लहान पोरासारखा सुटला. भिंतीत वरच्या बाजूला एक जाळी होती, तीही त्याने बुजवली. उदबत्ती लावली तर धूर सरळ रेषेत वर! तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या आणि आत येऊन हीट पंपखाली बिअर उघडली.

"स्वीट अ‍ॅज!" केतकर म्हणाले. "एकदम झकास! आमच्या ख्राइस्टचर्चलासुद्धा असं काम होत नाही."

माई गॅरेजात मासे तळत होत्या. पाच मिनिटांत आतलं दार उघडून त्या घरात आल्या, डोळ्यांतून पाणी, खोकल्याची उबळ, आणि त्यांच्या मागून धुराचा लोट. अलार्म कोकलायला लागला. वासाला बाहेर जायला वाट नव्हती, मग तो घरात शिरला. कार्पेटमध्ये, पडद्यांमध्ये, मंदारच्या ऑफिसच्या सुटांमध्ये. आणि ग्रॅहमचं मांजर उठून थेट मास्टर बेडरूमच्या खिडकीखाली जाऊन बसलं.

माझं डोकं फिरलं. मी पळत जाऊन गॅस बंद केला, गॅरेजचं दार वर केलं आणि तिघांना उभं करून झापलं. "गॅस पेटलेला, खिडकी नाही, आणि होती ती जाळीही बुजवलीत! जीव गेला असता बाईचा! एवढ्या डिग्र्या घेतल्यात, एखादं नाक का नाही घेतलं?"

तिघेही माना खाली घालून उभे. मला वाटलं, आता तरी ट्यूब पेटेल.

मंदारने मान वर केली. "म्हणजे एक भोक पाडायला लागेल."

आणि पाडलं की! जिथून वारा येऊ नये म्हणून तीन शनिवार घालवले, त्याच गॅरेजच्या भिंतीला ह्यांनी ताटाएवढं भोक पाडून पंखा बसवला. पंखा बंद असला की त्या भोकातून वारा माईंच्या बरोब्बर मानेवर. पूर्वी पायावर यायचा.

* * *

आता ब्लँकेटचं ऐका.

आमच्या दक्षिण ऑकलंडमध्ये भाडं परवडत नाही म्हणून खरोखर गॅरेजमध्ये राहणारी कुटुंबं आहेत. शाळांना हे माहीत असतं आणि त्या आपुलकीने चौकशी करतात. वर्गात आजी-आजोबांविषयी बोलायचं होतं. अन्वी उभी राहिली आणि म्हणाली, "माय आजी इज इन द गॅरेज. इट्स फ्रीझिंग. शी कॉफ्स हीप्स."

दोन दिवसांनी बेल वाजली. आम्ही तिथेच चहाला बसलो होतो. दारात शाळेतली एक प्रेमळ बाई, हातात डबाबंद सुपांचा खोका, वर घडी केलेलं ब्लँकेट.

"किया ओरा! हे गॅरेजमधल्या आजींसाठी."

मंदार झुंबराखाली उभा. कान लाल. काहीतरी गैरसमज झालाय असं तो इंग्रजीत सांगायला लागला. पाच बेडरूम आहेत, गेस्ट रूम आहे, आई रात्री आतच झोपते, असं सगळं. तेवढ्यात गॅरेजचं दार उघडून माई आल्या. पफर जॅकेट, बीनी, हाताला पीठ, आणि भरपूर खोकला.

बाईंनी मंदारकडे जे बघितलं ना! मी त्याच्या जागी असते तर त्या भोकातून बाहेर गेले असते.

माईंनी ब्लँकेट बोटांनी चाचपलं. "लोकरीचं आहे हो. थँक यू हं." आणि आत जाऊन बाईंना दोन गरम पोळ्या फॉइलमध्ये बांधून आणून दिल्या.

बाई गेल्यावर मंदार म्हणाला, "आई, तू निदान जॅकेट काढून यायचंस."

माई काहीच बोलल्या नाहीत. ह्यालाच मी घाबरले. बोलणारी बाई गप्प झाली म्हणजे तिकीट निघालं समजा.

* * *

त्यानंतर मंदारने पंख्याला बाहेरून झडप बसवली. पंखा बंद की झडप बंद. खरं सांगते, गॅरेज आता उत्तम झालं होतं. एक झुळूक आत येत नव्हती. त्याने सगळ्यांना रविवारी जेवायला बोलावलं. माई सकाळीच मृणालबरोबर अवोन्डेलच्या बाजारात जाऊन ताजी बोय मासळी घेऊन आल्या होत्या.

मंदार बर्फ आणायला गेला होता. आम्ही आणि तो एकाच वेळी पोहोचलो. ड्राइव्हवेवर पाऊल ठेवलं आणि लसणीचा, तिखटाचा, तळलेल्या माशांचा असा वास आला की नितीन जागीच थांबला. मंदारने गॅरेजकडे बघितलं. तिथे काही नाही. ग्रॅहमचं मांजर पुढच्या दाराच्या पायपुसण्यावर बसलं होतं.

आत गेलो. त्या दगडी बेंचटॉपवर पिठाचं ताट, मसाल्याचा डबा, मिठाच्या पाण्यातली बोय. काचेच्या शेगडीवर तवा चुरचुरतोय. माई साध्या सुती नऊवारीत उभ्या, ना जॅकेट ना बीनी. मृणाल स्टुलावर बसून निवांत तुकडी खात होती, नवऱ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. शेजारी अन्वी, दोन्ही हात तेलकट.

"आजी, अजून एक!"

गॅरेजकडे जाणारं आतलं दार बंद होतं. त्याच्या चारी बाजूंनी मिशन फटची उरलेली रबरी पट्टी नीट चिकटवलेली, आणि खाली, उंबरठ्याला, शाळेतून आलेलं ब्लँकेट गुंडाळून घट्ट लावलेलं.

केतकरांनी सवयीने वाकून दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. "चांगलं बसवलंय," ते पुटपुटले.

मंदारच्या हातातून बर्फाच्या पिशवीचं पाणी कार्पेटवर गळत होतं.

"आई! अगं, इतके शनिवार खपून गॅरेज केलं आम्ही तुझ्यासाठी!"

माईंनी तुकडी उलटली.

"छान केलंत हो. आता त्यात गाडी लाव. बाहेर काकडते बिचारी."