तुला मी नको होते

रत्नागिरीत नाचणे रोडला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना फोम, खिडकीला दुहेरी काच, एक माइक, एक कॉम्प्युटर, एक जुना कीबोर्ड. रिक्षावर स्पीकर लावून ज्या घोषणा गावभर फिरतात, त्यातल्या बऱ्याचशा माझ्या आवाजात असतात. उद्या नळाला पाणी येणार नाही, अमक्या मैदानात क्रिकेटचे सामने आहेत, साड्यांचा सेल शेवटचे दोन दिवस. शिमग्याआधी नमनाचे खेळ करणारे येतात, गणपतीआधी जाखडी नाचाची मंडळी. त्यांची ढोलकी सुरू झाली की खालच्या दुकानातला माणूस काय कोसळलं ते बघायला जिना चढून येतो. असं माझं काम. या खोलीत कोणाच्या दुःखाचं गाणं होईल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि ते माझ्या बहिणीचं असेल असं तर नाहीच नाही.

बहीण माझ्याहून सात वर्षांनी लहान. घरात तिला सगळे बाय म्हणतात. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती नोकरी करते. सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शिरा शोधायच्या, हे तिचं काम. तिचा हात हलका आहे असं लोक सांगतात. पण समोर लहान मूल असलं तरी ती त्याला 'काही होणार नाही' म्हणत नाही. "टोचेल, थोडं दुखेल, मग थांबेल," असं सांगते आणि मग सुई लावते.

बाबा गेल्यानंतर चार वर्षांनी तिचं लग्न ठरलं. मुलगा चिपळूणचा, नोकरीला पुण्यात. साखरपुड्यात बाबांच्या जागी मीच पाटावर बसलो होतो, आणि त्या दिवसापासून मी स्वतःला जरा जास्तच मोठा समजायला लागलो होतो. लग्न दिवाळीनंतर होतं. हॉल ठरला होता. आईने तिच्या भजन मंडळातल्या सगळ्या बायकांना तोंडी आमंत्रणंही देऊन टाकली होती. ऑगस्टमध्ये एका दुपारी त्या मुलाचा बायला फोन आला. तो म्हणाला, त्याने खूप प्रयत्न केला, पण तिच्याबद्दल त्याच्या मनात जे यायला हवं ते येत नाही. त्याच्या आयुष्यात दुसरं कोणी नव्हतं. हुंडा, पत्रिका, नोकरी, कशाचाही प्रश्न नव्हता. त्याला ती नको होती, बस्.

दुसरं काही कारण असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. कारण असलं की माणसाला भांडता येतं.

आईने दोन दिवसांतच कारण तयार केलं. गुरुवारच्या भजनाला तिने सांगितलं की आम्हीच नको म्हटलं, चौकशीत मुलाबद्दल काही काही कळलं. काय कळलं ते तिने सांगितलं नाही. ते मी सांगितलं. मारुती मंदिराजवळ चहाच्या टपरीवर मित्रांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो की तो पितो. त्यातला एकजण म्हणाला, बरं झालं वेळेवर कळलं. मला त्या क्षणी खरोखरच बरं वाटलं. जणू तो पीत होता आणि आम्ही वाचलो होतो.

बायला हे कळलं तेव्हा ती जेवत होती. तिने हातातला घास ताटात ठेवला.

"तो पीत नाही," ती म्हणाली. "त्याच्याबद्दल असं कशाला सांगायचं?"

"तुझ्यासाठी," आई म्हणाली. "उद्या दुसरं स्थळ यायचं आहे की नाही तुला?"

बाय ताट उचलून आत गेली. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. ती वेळेवर कामाला जात होती, वेळेवर येत होती, हसण्याच्या जागी हसत होती. फक्त कानात सतत हेडफोन असायचे. एकदा मी तिचा एक हेडफोन काढून माझ्या कानाला लावला, तर एक इंग्रजी गाणं चाललं होतं. पियानो आणि एक बाई, बाकी काही नाही. ती बाई रडत नव्हती, पण आत्ताच रडून उठलेल्या माणसासारखी गात होती. मला शब्द सगळे कळले नाहीत. बाय म्हणाली, कळायला नकोतच.

एप्रिलमध्ये एका रविवारी ती माझ्या खोलीवर आली. पिशवीत लॅबची एक जुनी वही होती, मागच्या पानांवर लिहिलेली. म्हणाली, दादा, मी एक गाणं लिहिलंय, मला ते इथे गायचंय. लहानपणी ती चांगली गायची, शाळेच्या गॅदरिंगला तिचा नंबर ठरलेला असायचा. पण लिहायला कधी लागली ते मला माहीत नव्हतं. मी वही घेतली. सुरुवात अशी होती की तुझा फोन आला तेव्हा दुपार होती, मी कपडे वाळत घालत होते, फोन ठेवला आणि उरलेले कपडेही वाळत घातले. पुढे धृपद होतं:

तुला मी नको होते, एवढंच झालं.
माझं माझ्यापाशी सगळं राहिलं.

मी ते दोनदा वाचलं. गाणं चांगलं होतं, हे मला लगेच कळलं. त्याहून आधी मला भीती वाटली. आठ महिने आम्ही जे झाकून ठेवलं होतं ते हिने वहीत सरळ लिहून काढलं होतं, आणि आता ते गाऊन लोकांना ऐकवणार होती. मी जरा धंद्याच्या आवाजात म्हणालो की चाल छान बसेल, फक्त धृपदात एक छोटा बदल करू. 'तुला मी नको होते' ऐवजी 'मला तू नको होतास' केलं तर जास्त ठसकेदार होईल, आजकाल मुलींना असं आवडतं.

तिने वही माझ्या हातातून काढून घेतली.

"मग ते तुझं गाणं होईल," ती म्हणाली. "तुझं आणि आईचं. माझं नाही."

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, बाय, लोक काय म्हणतील ते तुला माहीत आहे, नाकारलेली म्हणून स्वतःच कशाला मिरवायचं? ती रागावली नाही. लॅबमध्ये घाबरलेल्या पेशंटशी बोलते तशी शांतपणे बोलली.

"दादा, मी रोज लोकांना दुखेल म्हणून सांगते. सांगितलं की ते हात सैल सोडतात. नाही सांगितलं की आवळून धरतात आणि मग जास्त दुखतं. आठ महिने झाले, आपण तिघं नुसते आवळून बसलोय." मग वही पिशवीत घालत म्हणाली, "त्याला मी आवडले नाही. ह्यात मी काय वाईट केलं, की लपवायचं?"

आठवडाभर ती आली नाही. मी त्या आठवड्यात आंब्याच्या स्टॉलची एक घोषणा केली. 'अस्सल हापूस, थेट बागेतून' हे वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो आणि मध्येच थांबत होतो. शुक्रवारी मीच तिला फोन करून सांगितलं की रविवारी ये, शब्द आहेत तसेच राहू देत.

रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवावा लागतो. एप्रिलच्या त्या उकाड्यात आम्ही दोघं घामाने निथळत होतो. मी कीबोर्डवर साधे चार सूर धरले आणि ती गायली. बाहेरच्या फणसावर कोकिळा ओरडायची, तो आवाज काचेतूनही आत यायचा, की पुन्हा सुरुवात. अकरा वेळा गायली. तिसऱ्या वेळी 'एवढंच' या शब्दावर तिचा आवाज फाटला. तिने डोळे मिटले, श्वास घेतला आणि पुढची ओळ पूर्ण केली. नवव्या वेळी सगळं स्वच्छ आलं, एकही सूर हलला नाही.

ती गेल्यावर मी नववं घेतलं, आणि तरीही जिथे केसभर कमी वाटलं तिथे कॉम्प्युटरवर सूर सरळही केला. माझी सवय आहे ती, जाखडीवाल्यांचे बेसूरही मी असेच झाकतो. संध्याकाळी तिला ऐकवलं. पूर्ण ऐकून तिने विचारलं, "हे कोण गातंय?" मग तिसरं लाव म्हणाली. तिसरं लावलं. 'एवढंच' आलं, आवाज फाटला, तो श्वास ऐकू आला. माझ्या अंगावर काटा आला तो मी तिला दाखवला नाही. हेच ठेव, ती म्हणाली. मागून कोकिळा आहे, मी म्हणालो. असू दे, ती म्हणाली.

तिने ते गाणं इंटरनेटवर टाकलं. काही लाखांनी ऐकलं वगैरे झालं नाही. लॅबमधल्या मैत्रिणींनी, त्यांच्या बहिणींनी, थोड्या अनोळखी मुलींनी ऐकलं. पण रत्नागिरी केवढीशी. दहा दिवसांत आईच्या भजन मंडळातल्या एका बाईच्या मुलीने ते मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, कौतुकानेच. आई त्या गुरुवारी भजनाहून लवकर परतली. पायपुसण्यावर उभी राहून एवढंच म्हणाली की मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. गाणं तिने ऐकलं नव्हतं. बायकांनी विचारलं, तेवढं पुरे झालं होतं.

दोन दिवस घरात भांड्यांचेच काय ते आवाज. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीवर एकटाच होतो तर दाराशी आई. तिचे गुडघे दुखतात, जिना ती सहसा चढत नाही. दम लागला होता. खुर्ची दिली, पाणी दिलं. पदराने मान पुसून ती म्हणाली, "लाव ते."

मी मोठ्या स्पीकरवर लावलं. आई कीबोर्डकडे बघत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, पुन्हा लाव. दुसऱ्यांदा संपलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.

"त्या दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती," आई म्हणाली. "मी खालून ओरडले तिला. म्हटलं, चार कपड्यांना एवढा वेळ लागतो होय गो तुला?" मग म्हणाली, "खाली आली, भात लावला. मला रात्री सांगितलंन. मी तिला पहिलं काय विचारलं माहीत आहे? हॉलवाल्याला काय सांगायचं, ते विचारलं."

मला 'तो पितो' आठवत होतं. ते मी आईला तिथेच सांगितलं. तिने माझ्यावर रागवावं असं मला फार वाटत होतं, पण ती रागावली नाही. म्हणाली, बी मीच पेरलं, तू पाणी घातलंस.

पुढच्या गुरुवारी भजन आमच्याच घरी होतं. मी स्वयंपाकघरात कोकमाच्या सरबताचे ग्लास भरत होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. आरतीनंतर आईने सांगितलं, मी मंडळाला खोटं बोलले होते. मुलगा चांगला होता. त्याला आमची मुलगी पसंत पडली नाही, आणि ते सांगायची मला लाज वाटली. माझ्या मुलीला वाटली नाही. मग त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्क आजी, ज्या नेहमी टाळ धरतात, त्या म्हणाल्या की आपलंही ठरलेलं एकदा मोडून त्या घरून नारळ परत आला होता, साठ वर्षांत हे आज पहिल्यांदा बोलते आहे. मी सरबत घेऊन गेलो तेव्हा शेजारच्या काकूंनी त्यांचा हात हातात धरलेला होता.

आईने त्याहून अवघड काम दुसऱ्या दिवशी केलं. चिपळूणला त्या मुलाच्या आईला फोन लावला. आधी त्यांना ती विहीणबाई म्हणायची. आता काय म्हणायचं ते तिला सुचेना. शेवटी नुसतं 'मी रत्नागिरीहून बोलते' म्हणाली. तुमच्या मुलाबद्दल आमच्याकडून नको ते बोललं गेलं, माझी चूक झाली, असं तिने सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला माहीत नाही. आई बराच वेळ ऐकत होती आणि डोळे पुसत होती. मग म्हणाली, "हो, बरी आहे ती. कामाला जाते." मीही त्या आठवड्यात टपरीवर जाऊन माझं वाक्य परत घेतलं. ते फोनपेक्षा सोपं असेल असं वाटलं होतं, पण चहा संपेपर्यंत मला तोंड उघडता आलं नाही.

बायने हे सगळं पाहिलं. एका संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली होती आणि मोठ्याने रडत होती, लहान मुलं रडतात तशी, हमसून हमसून. आठ-नऊ महिन्यांत तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणत होती, "दुखतं गो, दुखणारच. रड तू." मी चपला न काढताच मागे फिरलो आणि भाट्याच्या पुलापर्यंत चालत जाऊन आलो.

त्यानंतर तिने आणखी तीन गाणी लिहिली. ती तितकी चांगली नाहीत, हे तिचंच मत, आणि खरं सांगायचं तर माझंही. स्थळं आली, एक-दोनदा चहापोहे झाले. बघायला आलेल्यांना ती सुरुवातीलाच सांगून टाकायची की आधी ठरलेलं मोडलं आहे आणि ते मुलाकडून मोडलं. एका घरच्यांनी यावर पोहे अर्धवट ठेवले. बाय नंतर ते उरलेले पोहे घेऊन गॅलरीत बसली आणि खाऊन टाकले.

गेल्या वर्षी तिच्या लॅबने चिपळूणला शाखा काढली आणि तिथली जबाबदारी घेणार का म्हणून तिला विचारलं. आई हबकली. इतकी गावं सोडून नेमकं तेच, असं ती म्हणत राहिली. सुट्टीला घरी आलेला तो मुलगा कुठे बाजारात समोर आला तर?

"आला तर आला," बाय म्हणाली. "चिपळूण काय त्याचं एकट्याचं आहे?"

तिचं सामान मी टेम्पोने पोचवलं. दोन खोल्यांची जागा, मागे नारळ, नळाला सकाळी तासभर पाणी. मी भिंतीला फळी ठोकून दिली, गॅसची जोडणी तपासली, आणि बाबांनी केलं असतं तसं घरमालकांशी दोन शब्द बोलून आलो. बायने चहा टाकला. कप अजून खोक्यात होते म्हणून आम्ही स्टीलच्या पेल्यांतून प्यायलो. मग तिने घड्याळ बघितलं, म्हणाली, उद्या सातला लॅब उघडायची आहे, तू आता नीघ, घाटात धुकं उतरतं.