झोयाताईंना सांगायचं राहिलं

अनिकेतचा फोन आला तेव्हा मी अर्विंगला बहिणीकडे होते. थालीपिठाचा पहिला घास हातात होता. "आई, झोयाआजी गेल्या. झोपेतच." आणि खरं सांगते, आता खोटं बोलून काय करायचंय, मला पहिल्यांदा रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं, सुटले बाई मी... आता त्यांना सांगावं लागणार नाही. रडू आलं ते नंतर, एअरपोर्टवर. याला दीड महिना झाला. तेव्हापासून आमच्या मंडळातली माणसं भेटली की म्हणतात, "परकी म्हातारी, पण सुमतीकाकूंनी किती केलं हो तिचं!" ते मला ऐकवत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

झोयाताई म्हणजे माझ्या सुनेची, नास्त्याची आजी. नास्त्याला आई-वडील नाहीत, आजीनेच वाढवलं, त्यामुळे विहीणबाई म्हणायच्या तर याच. रशियाच्या पार उत्तरेला, अर्खांगेल्स्कच्याही पुढे, नदीकाठी त्यांचं गाव. एके काळी चांगलं नांदतं होतं म्हणे, शाळा, दुकान, गायीगुरं, सगळं. मग शाळा बंद पडली, पोस्ट गेलं, बस यायची थांबली. तरुण शहरात गेले, म्हातारे वर गेले. उन्हाळ्यात चार शहरी माणसं सुट्टीला येत, पण हिवाळ्यात गावात बायका दोनच: या टोकाला झोयाताई आणि त्या टोकाला क्लावा. सकाळी उठल्यावर पहिलं काम, दुसरीच्या धुराड्यातून धूर येतोय का ते बघायचं. धूर दिसला म्हणजे बाई उठली, चूल पेटली, सगळं ठीक. नाही दिसला तर बूट चढवून बर्फातून निघायचं. आठवड्याला एकदा पावाची गाडी येई, तिचा ड्रायव्हर हाच काय तो तिसरा माणूस. ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. असं कुणी राहतं का, असं मी म्हणाले, आणि इथेच माझी चक्रं फिरायला लागली.

आमच्याकडे, इथे अमेरिकेत अल्फारेटाला, नातवाचा, ईशानचा जन्म झाला तेव्हा झोयाताई पणतू बघायला आल्या. हल्ली तिकडून येणं सोपं नाही, दोन देश फिरून बाई आल्या, पायात बूट, डोक्याला रुमाल, बॅगेत वाळवलेले मश्रूम! बोली अशी होती की पानगळीत यायचं आणि नदीवरचा बर्फ फुटला की परत जायचं. तोवर क्लावा अधूनमधून जाऊन झोयाताईंच्या घरातली चूल पेटवणार होती. तिकडे थंडीत चूल बंद राहिली की लाकडाचं घर ओल धरतं, कुजतं, मग ते घर गेलंच म्हणून समजा.

मला रशियन येत नाही, त्यांना दुसरं काही येत नव्हतं. पण आमचं जमलं बघा! माझ्या फोडणीचा त्यांना ठसका लागायचा आणि त्या त्यांच्या भाषेत बहुधा मला शिव्या द्यायच्या. मी त्यांच्या बिटाच्या सारावर लिंबू पिळायचे, की त्या कपाळाला हात लावायच्या. मला त्या 'सुमा' म्हणायच्या. "अगं बाई" एवढं शिकल्या होत्या, आणि ते अगदी बरोबर जागी म्हणायच्या. हे गेल्यापासून मी मुलाकडे राहते. मुलगा-सून दिवसभर मीटिंगमध्ये, दार बंद करून. कुणीतरी समोर बसून शेंगा सोलतंय, हे सुख मला किती वर्षांनी मिळालं होतं...

म्हणून वसंत ऋतू आला तसा मी हट्ट धरला. "ईशानचं वर्ष तरी होऊ दे. मग जा खुशाल." नास्त्याने भाषांतर केलं. त्या म्हणाल्या, "क्लावाचा धूर कोण बघणार?" मी म्हटलं, "उन्हाळ्यात कसला धूर आणि काय! लोक असतात ना तेव्हा." तिकीट कॅन्सल केलं. पानगळीत वाढदिवस झाला, तोवर तिकडे बर्फ पडायला लागला. मग मीच म्हटलं, आता एवढ्या थंडीत कुठे जाता? त्या खिडकीशी बराच वेळ उभ्या राहिल्या. पण राहिल्या. माझ्यासाठी राहिल्या, हे मला तेव्हाही कळत होतं.

भर थंडीत क्लावाच्या मुलीचा नास्त्याला फोन आला. क्लावा गेली. पावाच्या गाडीवाल्याला ती रस्त्यात सापडली, स्वतःच्या घरापासून लांब, झोयाताईंच्या घराच्या वाटेवर. शेजारी जळणाची लाकडं बांधलेली घसरगाडी. किती दिवस तशी होती, देव जाणे. धूर नव्हता, आणि तो नाही हे बघणारं गावात कुणी नव्हतं.

नास्त्या रडत रडत आजीच्या खोलीकडे निघाली होती. मीच तिचा हात धरला. "थांब. असं एकदम नाही सांगायचं. सोसणार नाही त्यांना." आमच्याकडे पद्धतच ती. माझ्या आजीला तिचा भाऊ गेल्याचं महिनाभर सांगितलं नव्हतं, 'आजारी आहे' म्हणत राहिलो. नास्त्या म्हणाली, "आई, शी हॅज टु क्राय फॉर हर. आम्ही लपवत नाही." मी म्हटलं, "आणि त्यांची चूल पेटवायला जाताना क्लावा मेली, हेही सांगणार? उद्या सकाळी उठतील का त्या?" अनिकेत माझ्या बाजूने बोलला. बिचारी नास्त्या तिथूनच मागे फिरली.

पण दर रविवारी क्लावाचा फोन यायचा. त्यासाठी ती टेकाडावर चढून जायची, खाली रेंज नव्हती. तो रविवार आला. झोयाताई फोन मांडीवर घेऊन बसल्या, दुपार झाली तरी उठेनात. मला बघवेना. मी नास्त्याला म्हटलं, "सांग, क्लावा शहरात मुलीकडे राहायला गेली." ही कल्पना माझी, पूर्णपणे माझी.

ऐकून त्या आधी हसल्या. ती मुलगी वर्षानुवर्षं बोलवत होती आणि क्लावा तिला उडवून लावत होती, ते त्यांना ठाऊक होतं ना. मग विचारलं, "आणि मांजर?" मी म्हटलं, नेलं सोबत. खोटं बोलताना मी काही कमी ठेवत नाही! मग विचारलं, "माझी चूल?" मग त्याच म्हणाल्या, "निदान सांगून जायचं." त्या क्लावासाठी गुडघ्यापर्यंतचे करडे मोजे विणत होत्या, एक झाला होता, दुसरा अर्ध्यावर. त्यांनी सुया ओढून काढल्या आणि दोन्ही उसवले. ईशानला तो खेळ वाटला, तो धागा ओढायला लागला. त्यांनी त्यालाही ओढू दिला.

त्या दिवसानंतर त्यांनी क्लावाचं नाव काढलं नाही. नास्त्याने काढलं तर उठून जायच्या. गावी जायचं म्हणणंही सोडलं. आणि मी काय म्हटलं असेल? "बघ, रुळल्या की नाही!" शी... लिहितानाही लाज वाटते.

नास्त्या रोज मागे लागायची, आई, टेल हर. मी म्हणायचे, बघू. शेवटी अर्विंगला निघायच्या आदल्या दिवशी मी कबूल केलं की सोमवारी परत येते, त्यांच्याजवळ बसून माझ्या तोंडाने सांगते. सकाळी मी उबरची वाट बघत दारात उभी, तर झोयाताई एक पुडकं घेऊन आल्या. करड्या लोकरीचे मोजे, माझ्या मापाचे. काहीतरी बोलल्या. नास्त्याचा चेहरा उतरला, तिला भाषांतर करवेना. मीच म्हटलं, अगं सांग ना, गाडी आली. तेव्हा ती खाली बघत म्हणाली, "म्हणतेय, क्लावाला आता नको हे. शहरात गरम पाणी आहे. तू घाल, सुमा. तू सोडून जाणाऱ्यातली नाहीस."

मी त्यांना मिठी मारली आणि गाडीत बसले. तेव्हाही दोन मिनिटं थांबून सांगता आलं असतं. फ्लाइट चुकली असती, एवढंच.

चाळिसाव्या दिवशी त्यांच्या पद्धतीप्रमाणे जेवण केलं. नास्त्या म्हणाली, आता दोघी भेटल्या असतील. माझ्या समजुतीसाठीच म्हणाली, गुणी पोर आहे. पण मला तेव्हापासून एकच दिसतं. क्लावा तिकडे हात पसरून पुढे येतेय आणि झोयाताई तोंड फिरवून उभ्या आहेत. ती विचारतेय, अगं, मी काय केलं? आणि झोयाताईंना खरं काय ते माहीतच नाही.

सकाळी किचनची फरशी फार गार लागते. नास्त्या म्हणते, आई, मोजे आहेत ना तुझ्याकडे. आहेत, वरच्याच ड्रॉवरमध्ये आहेत. मी अनवाणीच जाऊन चहा टाकते.