धक्क्यावरचा नारळ
लंडनमधल्या पिनरच्या दुकानात नारळ दिसला की स्कॉटलंडमधला तो धक्का आठवतो. भारतात परतण्याआधी एकदा तिथल्या थंड समुद्रात गळ टाकायचा, एवढीच वडिलांची इच्छा होती, आणि निघताना दर्याला द्यायला त्यांनी इथूनच नारळ नेला होता. धक्क्यावर त्यांनी बोटवाल्याने दिलेला, पाण्यात तरंगवणारा जाड सूट चढवला, पण थरथरत्या बोटांना झिप ओढता येईना. बोटवाल्याने ते पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "यांना कठडा धरवणार नाही. सॉरी, नेता येणार नाही." वडिलांनी विचारले, "काय म्हणतो रे?" "समुद्र खवळलाय म्हणतो, बाबा." समोर पाणी परातीतल्यासारखे स्थिर होते. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या वडिलांनी ते नीट न्याहाळले. "खवळलाय खरा," म्हणाले, आणि नारळ बोटवाल्याच्या हातात दिला. बाकीच्यांना घेऊन बोट गेली. आता मी दुकानातला नारळ कानाशी हलवतो, पाणी ऐकतो आणि परत ठेवतो.