अप्पांच्या कपाळावरच्या रेघा

मागं एकदा कंधारहून लातूरला गेलो होतो, कामाचं बघायला. पण स्टँडवर निलंग्याची गाडी लागलेली दिसली, खिडकीची सीट रिकामी होती... बसलो. काम राहिलं लातूरलाच.

निलंग्यात माझ्या दोस्ताचा, बालाजीचा फोटो स्टुडिओ आहे. आमचं भांडण जुनं. तो दर महिन्याला पैसे भरून फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, मी फुकटचं.

"आला का फुकट्या?" हे त्याचं स्वागत. "एक महिना पैसे भरू नको, मग बघू तुझी कला," हे माझं उत्तर.

तेवढ्यात गल्लीतल्या किराणा दुकानवाल्या महानंदाताई आल्या. हातात वडिलांचा फोटो, वर्षानुवर्षं पाकिटात घडी करून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी अप्पांचं पहिलं पुण्यस्मरण होतं, मोठी फ्रेम पाहिजे होती.

"दुसरा फोटोच न्हाई बाबा. अप्पा फोटोला उभंच ऱ्हायचे न्हाईत."

कपाळावरून, गालावरून घड्यांचे आडवे पांढरे ओरखडे गेले होते. बालाजी म्हणाला, "आज होऊनच जाऊ दे." फोटो स्कॅन केला, मी पिशवीतून माझा लॅपटॉप काढला आणि दोघंही आपापल्या मशीनवर बसलो.

त्याचं एका मिनिटात झालं. एक बटण दाबलं, ओरखडे गायब... पण गाल इतके गुळगुळीत की अप्पा पंचविशीतले वाटायला लागले.

मला दोन तास लागले. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडत होता, मी झूम करून एकेक रेघ हातानं पुसत होतो. मध्येच शर्टाच्या बटणात अडकलो. एकच बटण वेगळ्या रंगाचं होतं, कुणी लावलं असेल याचाच विचार करत बसलो... पण गालावरच्या सुरकुत्या सगळ्या जागेवर ठेवल्या. मनात म्हटलं, जिंकलो.

महानंदाताईंनी दोन्ही स्क्रीन बघितल्या. माझ्या स्क्रीनवर जरा जास्त वेळ थांबल्या.

"चांगलं झालं. पण इभूत कुठाय?"

कपाळावरच्या विभूतीच्या तीन आडव्या रेघा आम्ही घड्या समजून पुसल्या होत्या. त्याच्या मशीननं एका मिनिटात, मी दोन तास राबून, स्वतःच्या हातानं. तेही निलंग्यात, जिथं प्रत्येक दुसऱ्या दुकानाच्या गल्ल्यावर तसं कपाळ दिसतं.

"अप्पा इभूत लावल्याबिगर चहा बी पेत नव्हते. असं कोरं कपाळ घेऊन उद्या त्यांना पाटावर कसं बसवू?"

"लावतो की ताई, त्यात काय," म्हणत बालाजीनं तीन पांढऱ्या पट्ट्या मारल्या. एकदम सरळ, पट्टीनं आखल्यासारख्या.

ताई म्हणाल्या, "हे कॅलेंडरातल्या देवावानी दिसायलंय. अप्पांचा हात थरथरायचा रे..."

नशीब, मी पुसापुशी वेगळ्या थरावर केली होती, खाली मूळ फोटो तसाच होता. खरं सांगायचं तर बालाजीच्या सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. कपाळावरचा माझा थर काढला आणि ताईंना शेजारी स्टूल दिलं.

त्या स्क्रीनवर बोट ठेवून सांगत गेल्या. "ही घडी. ही इभूत. ही बी इभूत, तिरकी हाय बघ, उजवीकडं खाली उतरलेली..." बालाजीही मागं येऊन उभा राहिला. त्या घडी म्हणतील तेवढीच रेघ मी पुसत होतो.

तिसऱ्या रेघेवरूनच एक घडी गेली होती. एक पुसली की दुसरी जाणार. माझा हात थांबला.

"ऱ्हाऊ दे घडी," ताई म्हणाल्या.

फ्रेम तशीच गेली, कपाळावर एका घडीसकट.

फुकटचं बरं की विकतचं, हे आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. पण आता फोटो उघडायच्या आधी मी आणणाऱ्यालाच विचारतो... यातलं काय पुसायचं नाही? हे शिकवल्याबद्दल महानंदाताई, तुमचे आभार.