वहीत नसलेली तालीम

आमच्या हर्सूलच्या समाजमंदिरात एक वही असते. जयंती, धम्मचक्र दिन, कुणाचं लग्न, असं काही असलं की तिच्यात नोंद होते. आमच्या भीमगीतांच्या जलशाच्या नोंदी वर्षाला चार, फार तर पाच. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी आम्ही अकरा जण तिथं तालमीला बसतो, हे मात्र इतक्या वर्षांत कुणीच लिहिलं नव्हतं. लिहायचं काय? तालीम म्हणजे घरातली झाडलोट. आज आम्ही केर काढला, असं कुणी पाहुण्यांना सांगतं का?

वॉर्ड कार्यालयानं ती वही चाळली आणि समाजमंदिर ‘वापरात नसलेल्या’ इमारतींच्या यादीत टाकलं. तिथं पाण्याच्या पाइपांचं गोडाऊन होणार होतं. मी कार्यालयात जाऊन चार शब्द सुनावून आले. चूक आमचीच होती, हे कळायला दिल्लीहून एक बाई यावी लागली.

जलशाचे शाहीर माझ्या आईचे भाऊ. सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणते. वय सत्तरीच्या पुढं, आणि गाणी सगळी तोंडपाठ. कागदावर एक नाही. “कागदावर गेलं की माणूस गळ्यात ठेवत नाय,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. घर दोन खोल्यांचं, ढोलकीवर थाप पडली की शेजारचं तान्हं उठतं. समाजमंदिर गेलं तर तालीम जाणार होती आणि पुढं मामांबरोबर गाणीही जाणार होती. मला त्याची भीती वाटत होती. मी शाळेत शिकवते; मुलांना पाढे म्हणायला लावायचे आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसायचे.

कॉलेजात नाटक शिकवणाऱ्या एका मैत्रिणीनं दिल्लीतल्या एका संस्थेचा पत्ता दिला. देशभरातल्या कलावंतांच्या बाजूनं सरकारदरबारी बोलणं, हे त्या संस्थेचं काम. मी पत्र पाठवलं खरं, पण मन साफ नव्हतं. दिल्लीवाल्यांचा आम्हाला जुना अनुभव आहे. एका सुलतानानं राजधानी उचलून दौलताबादला आणली आणि मन फिरल्यावर परत नेली. त्यात हाल झाले ते लोकांचे.

“संस्थेची एक बाई येतीय म्हणे. आता ही काय आणती बघू,” मी मामांना म्हटलं.

“येऊ तर दे. तुझं आधीच लई,” मामा म्हणाले.

मोठं कुंकू, हातमागाची साडी आणि तोंडात भाषण, अशी बाई मी मनात धरून चालले होते. आल्या त्या सर्दीनं बेजार झालेल्या. आल्या आल्या त्यांनी गरम पाणी मागितलं. वही पाहिली आणि विचारलं, “बाक़ी दिन यहाँ क्या होता है?”

“कुछ नहीं,” मी म्हटलं. “सिर्फ तालीम.”

त्यांनी पेला खाली ठेवला. “सिर्फ?”

मग त्यांनी सांगितलं. राजस्थानात एका गावात कठपुतळीवाल्यांची शेड अशीच हातची गेली. खेळ लिहिले होते, सराव लिहिला नव्हता. ओडिशातली एक नाचाची मंडळी मात्र वेळेवर लिहायला लागली आणि त्यांची जागा राहिली. मला वाटत होतं, असला शहाणपणा फक्त आम्हालाच सुचतो. देशभर आमच्यासारखेच गाफील लोक आहेत हे ऐकून, का कोण जाणे, मला धीर आला.

बाई दोन दिवस राहिल्या. अर्ज कसा लिहायचा, कोणत्या नियमावर बोट ठेवायचं, हे त्यांनी माझ्याकडून तीनतीनदा करून घेतलं. ओडिशाच्या मंडळींकडून आमच्यासाठी एक पत्र मागवलं. आणि म्हणाल्या, शेजाऱ्यांनाही विचारा, त्यांना तालीम ऐकू येते का. हे कसलं विचारणं, म्हणत मी दारोदार फिरले. समोर शिवणकाम करणारी एक बाई राहते. तिनं वहीच्या पानावर लिहून दिलं, “ढोलकी सुरू झाली की मी कुकर लावते. आमचं घड्याळ कधीचं बंद आहे.”

वॉर्ड कार्यालयात दिल्लीच्या बाई माझ्या शेजारी बसल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. मीच साहेबांना अडखळत सगळं सांगितलं. बाहेर येताच मी भडकले. त्या नाक पुसत म्हणाल्या, “मैं कल चली जाऊँगी. साहब को आपकी आवाज़ पहचाननी चाहिए.”

साहेब मंगळवारी स्वतः बघायला आले. मामांनी दीक्षेचं गाणं धरलं. दोन कडवी झाली, तिसऱ्याला मामा थांबले. ढोलकीवाला तोच ठेका घोळवत राहिला. कडवं शाहिरानंच म्हणायचं, आम्हाला फक्त धृपद येतं. मामांच्या कपाळावर घाम आला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. समोरची ती शिवणवाली, हाताला कणीक तशीच, तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ गात होती. आवाज बारीक, पण शब्द पक्के. मामांनी तिच्याकडं पाहिलं आणि दुसरी ओळ उचलली.

गाणं संपल्यावर साहेबांनी तिला विचारलं, “तुम्ही मंडळात आहात का?”

“नाय ओ साहेब. मी समोर राहते. ऐकून ऐकून आलं.”

महिन्याभरानं पत्र आलं. पाइप दुसरीकडं गेले, आणि आठवड्याच्या दोन संध्याकाळी आमच्या नावावर लागल्या. वर्षापुरत्याच आहेत, पण लेखी आहेत. मी दिल्लीला फोन केला. बाई कुठल्याशा तिसऱ्याच गावात होत्या आणि अजून खोकत होत्या. “अब लिखते रहिए,” एवढंच म्हणाल्या.

त्या मंगळवारी मी वही उघडली आणि तारखेपुढं ‘तालीम’ असं लिहिलं. हजर किती, या रकान्यात अकरा लिहिणार, तोच मामा म्हणाले, “बारा लिही.”

मी माणसं मोजली. अकराच होती.

“मामा, बारावं कोण?”

मामांनी ढोलकीवाल्याला सुरू करायची खूण केली. “समोर कुकर लावती ती. तिला धर की.”