ब्लँकमधल्या निळ्या तारा

भुताखेतांचे अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो, तेही सांगणाऱ्याची भाषा बरी असेल तर. त्यामुळे इथे स्वतः लिहायला बसलोय याची लाज वाटते आहे... पण लाजेचं खरं कारण ते नाही.

मी नाशिकला, गंगापूर रोडच्या एका कॉलेजात बीएस्सी करतो. यंदा सुट्टीत मला आणि येवल्याच्या वैष्णवीला केमिस्ट्रीच्या मॅडमकडे प्रोजेक्ट मिळाला: चमकणाऱ्या पॉलिमरच्या नॅनोवायर वाढवणे. नाव भारदस्त, काम स्वयंपाकघरातलं. अतिसूक्ष्म छिद्रांची पांढरी चकती घ्यायची, तिच्यावर पॉलिमरचं द्रावण सोडायचं. ते छिद्रांत सुकलं की चकती कॉस्टिक सोड्यात विरघळवायची. मागे उरतात केसाहून कितीतरी बारीक तारा, यूव्ही दिव्याखाली निळ्या चमकणाऱ्या. सोबत एक ‘ब्लँक’ करायचा — तशीच चकती, पण पॉलिमर न घातलेलं नुसतं सॉल्व्हंट, म्हणजे ते विरघळवायचं द्रव. त्यात शेवटी अंधारच दिसायला हवा. नाही दिसला तर काम करणाऱ्याने घाण केली.

नवा मायक्रोस्कोप आला त्या दिवशी त्याची पूजा झाली. नारळ कशावर फोडायचा यावर स्टाफरूममध्ये चर्चा झाली. मायक्रोस्कोपवर नको, एवढ्यावर एकमत झालं. प्राचार्य विज्ञान आणि संस्कारांवर बोलले, बराच वेळ. वैष्णवीने यंत्राला हळदीकुंकू लावलं.

“आमच्याकडे मागालाही लावतात,” ती मला म्हणाली. तिच्या घरी पैठण्या विणतात.

“मग माग नीट चालतो का?”

“विणणाऱ्याने तोंड बंद ठेवलं तर चालतो.”

दुपारी तिने केलेला पहिला नमुना आणि त्याचा ब्लँक सगळ्यांनी काळ्या पडद्याआड, यूव्ही दिव्याखाली पाहिला. ब्लँक चमकत होता.

हळद यूव्हीखाली चमकते हे मला माहीत होतं, आणि माहीत असलेलं बोलून दाखवायची मला सवय आहे. सगळ्या स्टाफसमोर म्हणालो, “मॅडम, नॅनोवायर नाही, तीर्थप्रसाद आहे. हळदीच्या हातांनी केलाय.”

सगळे हसले. “मी हात धुतले होते,” वैष्णवी म्हणाली. “ग्लोव्हजपण होते.” हसण्यात ते राहून गेलं. मॅडमनी तिला काचसामान धुवायला बसवलं. प्रोजेक्टच्या शेवटी पोस्टर ती सादर करणार होती, ते माझ्याकडे आलं.

पुढच्या आठवड्यात ब्लँक मी केला. सॉल्व्हंटची बाटली नवी, ग्लोव्हज नवे, पॉलिमर मॅडमच्या कपाटात कुलूपबंद. पडदा ओढला.

निळं.

हळद चमकते ती पिवळट हिरवी. त्या दिवशीचा ब्लँकही निळाच होता. मला दिसलं होतं... पण विनोद तयार होता.

मायक्रोस्कोपमधून पाहिलं. तारा होत्या — सरळ, सारख्या, शेजारी शेजारी. आमच्या खऱ्या नमुन्यात तुटक्या शेवया निघायच्या. आणि या वाढत होत्या. मी बघत असताना त्यांची टोकं पुढे सरकत वर्तुळाबाहेर गेली. मी फोनने फोटो काढला आणि मॅडमना हाक मारली. बेसिनपाशी असलेल्या वैष्णवीलाही.

मॅडमनी डोळा लावला. “काय बघू? अंधार आहे.”

मी पाहिलं. अंधार. फोटोत काळं वर्तुळ.

“मॅडम, खरंच निळं होतं. तिचंही. ती हळद नव्हती.”

“ऊन लागलंय तुला. घरी जा.”

वैष्णवीने मात्र बराच वेळ पाहिलं. मॅडम गेल्यावर म्हणाली, “मला बरं वाटावं म्हणून ढोंग करतोस ना? लय वाईट करतोस. त्यापेक्षा नुसतं सॉरी म्हणायचं.”

त्यानंतर मी कितीदा तरी ब्लँक केला. कोराच. काच तपासली, दिवा तपासला, डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. पोस्टरच्या दिवशी स्टँड कमी पडले, म्हणून एक कोपरा वैष्णवीने धरला होता. परीक्षकांनी विचारलं, “ब्लँक स्वच्छ होता?” मी म्हणालो, “हो, सर.” तिने कोपरा जरा सरळ केला.

त्या तारा कशाच्या होत्या, कुठे गेल्या, मला आजही कळलेलं नाही. कुणाला सुचत असेल तर जरूर लिहा. तिला सॉरी म्हणायचं राहिलंय. आता म्हटलं, तर ती ते ढोंगाची कबुली समजेल. आणि ढोंग, तेवढं एकच मी केलेलं नाही.