झुंबरबाईने इंजिन बांधून ठेवलं

विहिरीवर स्टे आला त्या दिवशी पितांबरने गावात पेढे वाटले. खरं तर स्टे दोघांवरही होता. निकाल लागेपर्यंत कोणीही विहिरीतलं पाणी उपसायचं नाही, असं धुळ्याच्या कोर्टाने सांगितलं होतं. पण पितांबरची नदीकाठी दुसरी विहीर होती. झुंबरबाईची ही एकच.

झुंबरबाई त्याची वहिनी, थोरल्या भावाची, लोटनची बायको. दोंडाईच्यापासून बैलगाडीने जाण्याइतक्या अंतरावर त्यांचं गाव. विहीर दोघा भावांनी मिळून खोदली होती. लोटन काविळीने गेला आणि त्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत पितांबर म्हणू लागला की विहीर माझ्या हिश्श्यातली. गावातल्या मोठ्या माणसांनी बाईला गप्प बसायला सांगितलं. ती गप्प बसली नाही, धुळ्याला जाऊन वकील लावून आली.

विहिरीच्या काठावर लोटनचं डिझेल इंजिन होतं. दोन बाजूंना दोन जड फिरती चाकं असलेलं, पाण्याने थंड होणारं. ते मात्र एकट्या लोटनचं, यात पितांबरलाही शंका नव्हती.

पेढ्याचा पुडा हातात घेऊन तो तिच्या ओट्यापाशी थांबला. "वहिनी, निकाल लागी तवय तुम्हनं इंजिन भंगारमा जायेल ऱ्हाई. आतेच इकी टाका."

"गंज लागू देस का मी त्याले?" ती म्हणाली. "देखा तुम्ही, भाऊ." पेढा तिने घेतला नाही.

दोन-चार दिवसांनी माहेरहून तिचा भाऊ झुलाल आला. त्याचंही तेच म्हणणं. इंजिन विकून टाक, माझ्याकडे चल, कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात काय अर्थ आहे? झुंबरबाईने त्याला पोटभर जेवू घातलं आणि मग सांगितलं, "इंजिन इकं तं लोके समजतीन, झुंबर हारनी."

दोंडाईच्याच्या आठवडे बाजारी ती चिंधा मिस्तरीच्या दुकानात जाऊन उभी राहिली. चिंधाने लोटनचं इंजिन अनेकदा खोललं होतं.

"काय बिघडनं, अक्का?"

"काहीच नही. बंद करी ठेवनं शे. कोर्ट निकाल देस तोपावत."

चिंधाने हातातला पाना खाली ठेवला. इंजिन चालू करायला लोक त्याला बोलवत, बंद ठेवायला आजवर कोणी बोलवलं नव्हतं. वर्षानुवर्षं उभं राहिलेलं इंजिन आतून कसं गंज खातं हे त्याने पाहिलं होतं. पिस्टन सिलिंडरमध्ये असा चिकटतो की घणानेही हलत नाही. पण बाईच्या चेहऱ्याकडे बघून त्याने पिशवीत पाने भरले.

"आधी ते चालू करनं पडी," शेतात आल्यावर तो म्हणाला. "गरम ऑइल बठ्ठा कचरा घी निंघस."

विहिरीतलं पाणी घ्यायचं नव्हतं. म्हणून झुंबरबाईने गावच्या हातपंपावरून हंडे आणून थंडाव्याचं पाणी भरलं. चिंधाने इंजिनाला पंपाशी जोडणारा पट्टा उतरवून बाभळीच्या फांदीवर टाकला. हँडल तिनेच मारलं. इंजिन भडभडलं आणि त्याचा आवाज थेट गावात गेला.

पितांबर धावतच आला, सोबत पोलीस पाटील भिकन. "देखा पाटील! कोर्टना हुकूम मोडी ऱ्हायनी!"

झुंबरबाई इंजिनापासून हलली नाही. आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "पट्टा देखा, पाटील. बाभुळवर टांगेल शे. पाणी कथाईन निंघी?"

भिकनने बाभळीकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं, कोरड्या पाटात पाय ठेवून पाहिलं. मग धोतर सावरत तो माघारी फिरला. पितांबर थोडा वेळ उभा राहिला. त्याच्याकडे कोणी बघेना, तेव्हा तोही गेला.

मग खरं काम सुरू झालं. गरम, काळं ऑइल आतल्या सगळ्या घाणीसकट काढून नवं भरलं, ते सगळीकडे फिरावं म्हणून इंजिन पुन्हा थोडं चालवलं. पाण्याची खालची चावी उघडून शेवटचा थेंब गळू दिला. डिझेल काढून टाकीत ऑइल घोळवलं. डिझेल फवारणारं नोझल खोलून चिंधाने सिलिंडरमध्ये पळीभर ऑइल सोडलं, नोझल परत बसवलं आणि झुंबरबाईकडून चाक हाताने फिरवून घेतलं. हवा-धुराचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतील, ओल आत शिरणार नाही, अशा जागी त्याने ते थांबवलं आणि चाकावर खूण केली.

"हर अमावस्याले फिरावनं. मंग परत आठेच आणी ठेवनं."

सायलेन्सर काढून त्या भोकात ग्रीसच्या चिंध्या गुंडाळलेला लाकडी गट्टू ठोकला, नाहीतर उंदरांनी आत संसार थाटला असता. हवेच्या तोंडावर प्लास्टिक बांधलं. जिथे लोखंड उघडं दिसत होतं तिथे झुंबरबाईने बोटांनी ग्रीस चोपडलं, सांदीकोपऱ्यांतसुद्धा.

इंजिन घरी न्यायचं तर माणसं हवीत. पितांबरच्या धाकाने कोणी गडी येईना. शेवटी तिच्या गल्लीतल्या बाया आल्या. भागाबाई पुढे, मंजुळाबाई मागे. पहारी लावून, ओंडक्यांवरून लोटत, एकमेकींना शिव्या घालत त्यांनी इंजिन गाडीवर चढवलं. घराच्या पडवीत, जमिनीची ओल लागू नये म्हणून, सागाच्या दोन ठोकळ्यांवर ते बसवलं. वर ताडपत्री.

त्यानंतर वर्षं गेली. कोरडवाहू बाजरी आणि कापसावर तिने दिवस काढले. तारखा पडत राहिल्या. अमावस्येला सकाळी ती ताडपत्री उचलायची, हँडल लावायची आणि चाक फिरवून पुन्हा खुणेवर आणून ठेवायची. अमावस्येला लोखंडाशी काय खेळते, म्हणून बाया कुजबुजायच्या. ती फिरवत राहिली. तापात असतानाही एकदा तिने भिंतीला धरून फिरवलं. पितांबरने परगावची गिऱ्हाइकं दोनदा पाठवली. दोघांनाही तिने चहा पाजला आणि ताडपत्रीला हात लावू दिला नाही.

निकाल लागला तेव्हा एकोणीसशे नव्वद साल उलटून गेलं होतं. विहीर निम्मी-निम्मी, एक दिवस पितांबरचा, एक दिवस तिचा. पितांबरने वीज घेतली होती. त्याची मोटर बटण दाबताच सुरू होई.

झुंबरबाईच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी गाव विहिरीवर लोटलं. पडवीतून इंजिन आणायला या वेळी गडीही आले. चिंधाचे केस पांढरे झाले होते. गट्टू निघाला, जुनं ऑइल उतरलं, पाणी आणि ताजं डिझेल भरलं गेलं. नोझल खोलून त्याने चाक फिरवलं, आत साचलेलं ऑइल बाहेर फेकलं आणि नोझल परत बसवलं. मग हँडलसाठी बाही सारली.

"ऱ्हाऊ द्या," झुंबरबाई म्हणाली. "ते मन्हं काम शे."

पहिल्यांदा नुसती फुसफुस झाली. कोणीतरी हसलं. दुसऱ्यांदा पांढरा धूर आला आणि विरला. पितांबर बांधावर हाताची घडी घालून उभा होता. झुंबरबाईने पदर खोचला, थुंकी लावून तळवे घासले आणि सगळं अंग हँडलवर टाकलं. एक धडाका झाला, निळ्या धुराचा लोट उठला, दुसरा धडाका, आणि मग इंजिन आपल्या जुन्या चालीवर आलं.

पट्टा चढला. पाटाला पाणी लागलं तेव्हा तिने त्यात पाय घातले नाहीत की हात जोडले नाहीत. फावडं उचलून ती सरळ वावरात गेली आणि पहिल्या वाफ्याचं तोंड फोडलं.

त्या हिवाळ्यात तिने मिरची लावली. लाल मिरचीची गाडी घेऊन ती दोंडाईच्याच्या बाजारात स्वतः गेली, पुढे धुरेवर बसून, बैलांना मोठमोठ्याने हाका देत.